घटाच्या मातीवरील संस्कार

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. त्या मृण्मय घटापुढे आपण नऊ दिवस हात जोडतो. परंतु त्याच्या मातीवर आधी झालेले संस्कार क्वचितच आठवतो.

कुंभार माती वाळवून कुटतो, चाळतो, भिजत घालतो. तीत राख वा घोड्याची लीद मिसळून तो चिखल पायांनी तुडवितो. मग खरी कसोटी हातांची! गोळा दाबून, दुमडून पुनःपुन्हा मळताना बोटे खडा शोधीत असतात. एखादा खडा राहिला, आत हवा कोंडली, तर चाकावर डौलाने उभे राहिलेले भांडेही आव्यात तडकते.

तेरचे संत गोरोबाकाका असाच चिखल तुडविताना विठ्ठलनामात देहभान विसरले आणि पायांखाली आलेले तान्हे बाळही त्यांना उमगले नाही, अशी हृदय हेलावणारी कथा भाविक सांगतात. थापटण्याने संतांची पारख करणारेही तेच.

घट घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. भावाची घासाघीस करण्यापूर्वी त्या मळणाऱ्या हातांचे स्मरण करावे. आणि जगदंबेपुढे बसण्यापूर्वी आपल्या मनातील खडेही वेचून घ्यावेत.