सीए साहेब पैशाचा उगम का विचारतात?

गाळा विकत घ्यायचा आहे आणि खरेदीचा सगळा व्यवहार आपल्या वतीने सीए पाहणार आहेत. ओळख वर्षानुवर्षांची, तरी ते ओळखपत्र मागतात आणि विचारतात, "एवढी रक्कम आली कोठून?" अनेक व्यापारी बांधवांना हा अविश्वास वाटतो. वस्तुतः हा प्रश्न विचारणे आता त्यांना कायद्यानेच भाग आहे.

काळा पैसा पांढरा करण्यास आळा घालणारा कायदा २००२ साली झाला आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. प्रारंभी जबाबदारी मुख्यतः बँकांवर होती. परंतु गैरमार्गाचा पैसा कंपनी, ट्रस्ट वा मालमत्तेच्या आडही लपतो, आणि हे कागद जाणकारच तयार करतात. म्हणून फायनान्शिअल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये वकील व हिशेबनीस यांनाही नियमांखाली आणण्याची शिफारस केली. भारत २०१० मध्ये या संस्थेचा सदस्य झाला.

३ मे २०२३ च्या अधिसूचनेने सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांना पाच कामांपुरता हा कायदा लागू झाला : स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, ग्राहकाचा पैसा, रोखे वा मालमत्ता सांभाळणे, त्याची बँक खाती चालवणे, कंपनीसाठी भांडवल उभे करणे, आणि कंपनी, एलएलपी वा ट्रस्ट स्थापणे, चालवणे किंवा धंद्याची खरेदी-विक्री. ही कामे ग्राहकाच्या वतीने केली, तरच नियम लागू होतो. जमाखर्च, ऑडिट, विवरणपत्र भरणे या यादीत नाही.

अशा व्यवहारात ग्राहकाची ओळख पटवावी लागते, नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटला कळवावा लागतो. कळवल्याचे ग्राहकाला सांगता येत नाही.

या अधिसूचनेत वकिलांचे नाव नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त राहावी, हे वकिलीचे जुने तत्त्व आहे. मात्र ९ मे २०२३ च्या दुसऱ्या अधिसूचनेनुसार, दुसऱ्यासाठी संचालक वा ट्रस्टी होणे किंवा कंपनीला नोंदणीचा पत्ता पुरवणे हा कोणी व्यवसाय म्हणून केला, तर तोही कायद्याखाली येतो.

आपण काय करावे? नातेवाइकाकडून घेतलेली उसनवार बँकेमार्फत घ्या व लिहून ठेवा. दागिने विकले तर पावती जपा. आखातातून भावाने पाठवलेली रक्कम बँकेतूनच मागवा. हवाल्याच्या पैशाला दाखवण्याजोगा कागद नसतो आणि तो मार्गही बेकायदा आहे. कोणी "फक्त सही करा" म्हणून संचालक व्हायला सांगितले, तर साफ नकार द्या.

कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण खरी आहे. पण कागद हाताशी असेल तरच ती उपयोगी पडते.