लोणारच्या फोटोत दोन लेयरचे रंग जुळवताना

जून 2020 मध्ये आपल्या लोणारचं हिरवट पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हे घडल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. असं पाणी मागे आणि दुपारच्या उन्हातला माणूस पुढे ठेवला, की तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फोटोशॉपमधलं 'मॅच कलर' इथे कामाला येतं.

आधी माणसाच्या लेयरची डुप्लिकेट करा, कारण हा बदल थेट पिक्सेलवर होतो. ती निवडून इमेज, ॲडजस्टमेंट्स, मॅच कलर. सोर्स म्हणून हीच फाइल, लेयर म्हणून सरोवर. फाइल आरजीबीत हवी.

खरी गंमत पुढे आहे. अख्खं सरोवर सोर्स धरलं तर चेहराही गुलाबी होतो! म्हणून आधी काठावरची झाडी आणि खडक सिलेक्ट करा. मग 'यूज सिलेक्शन इन सोर्स' आणि 'इग्नोर सिलेक्शन' या दोन्हींवर टिक करा. रंग तेवढ्याच भागावरून मोजले जातात, पण लागतात पूर्ण माणसाला. मग 'फेड' हळूहळू वाढवत जा.

आजचं हिरवं पाणी मात्र याच युक्तीने गुलाबी करून 'ताजा फोटो' म्हणून कृपया टाकू नका.