चलान चुकीचं असेल तर कोर्टाआधी काय करायचं?



हल्ली ग्रामसंघाच्या बैठकीत कर्ज आणि हप्त्यांचं बोलणं संपलं की एखादी ताई हळूच मोबाईल पुढे करते. "मॅडम, हा मेसेज बघा ना. गाडीचं चलान म्हणतात. लोकअदालतीत या म्हणतात. पोलीस घरी येतील का?" शेजारची लगेच सल्ला देते, "भरून टाक बाई, कोर्टाची भानगड नको."

हा प्रश्न आपल्या घरात येण्याचं कारण सरळ आहे. आज बऱ्याच ताईंच्या नावावर गाडी आहे. कुणी गटाच्या कर्जातून स्कूटर घेतली, कुणी दूध नि भाजी न्यायला टेम्पो घेतला. चालवतो मुलगा, दीर नाहीतर नवरा. पण आरसी बुकावर नाव ताईचं, म्हणून नोटीस येते ती ताईच्या नावाने.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवू या. चलान म्हणजे पोलिसांनी केलेला आरोप. तो कोर्टात सिद्ध झालेला नसतो. चूक आपली असेल तर दंड भरायचा. नसेल तर "हे आम्हाला मान्य नाही" असं लेखी सांगायचा हक्क आपल्याला आहे. मात्र ते पैसे भरण्याआधी आणि वेळेत सांगावं लागतं.

मेसेज खरा आहे का?

व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने 'एपीके' फाईल पाठवून फसवणूक करणारे बरेच आहेत. ती फाईल उघडली की मोबाईलमधली माहिती त्यांच्या हाती जाते आणि बँक खातं रिकामं होऊ शकतं. त्यामुळे मेसेजमधली फाईल उघडायची नाही, लिंकही दाबायची नाही.

चलान बघायचं ते महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या साईटवर नाहीतर 'महाट्रॅफिक ॲप'वर. सरकारी साईटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान आहे का, कुठलं आहे, कधीचं आहे ते दिसतं. फोटो असेल तर तोही दिसतो. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन करा.

चलान कोर्टापर्यंत कसं जातं?

आधी चलान होतं आणि मोबाईलवर मेसेज येतो. ते भरलं नाही आणि हरकतही घेतली नाही, तर पुढे लोकअदालतीची नोटीस येऊ शकते. तरीही मिटलं नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात किंवा व्हर्च्युअल कोर्टात जातं. कोर्टाचं समन्स येऊनही आपण गेलो नाही, तर वॉरंट निघू शकतं.

म्हणजे लोकअदालतीची नोटीस आली म्हणून अटक होत नाही. पण ती गादीखाली ठेवून विसरायचीही नाही. प्रत्येक नोटिशीवर तारीख आणि मुदत लिहिलेली असते. ती आधी कॅलेंडरवर लिहा.

पुष्कळ वेळा चलान वाढत जातं ते मेसेजच न मिळाल्यामुळे. गाडी घेताना एजंटने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, नाहीतर जुनं सिम बंद पडलेलं असतं. परिवहनच्या साईटवर आपल्या गाडीला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते तपासा आणि ताईचा स्वतःचा, चालू नंबर टाका. हे काम सीआरपी ताईच्या मदतीने किंवा आपले सरकार केंद्रातही होतं.

चलानात काय बघायचं?

केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आणला. कॅमेऱ्यासारख्या यंत्राने केलेल्या चलानासाठी हा नियम आहे. त्यात नियमभंग आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं हे असायला हवं. घटना घडल्यापासून 15 दिवसांत नोटीस पाठवायची असते. प्रकरण मिटेपर्यंत ते रेकॉर्ड जपून ठेवायचं असतं. म्हणून फोटो नीट मोठा करून बघा आणि हे प्रश्न विचारा:

- फोटोतली गाडी आपलीच आहे का? रंग, कंपनी, आरसा, डिकी जुळते का?
- नंबरमधला एखादा आकडा किंवा अक्षर चुकीचं वाचलंय का? 3 चा 8 होतो, 0 चा 6 होतो.
- त्या तारखेला आपली गाडी कुठे होती?
- ज्या चुकीबद्दल दंड केला, ती फोटोत दिसते का?
- एकाच ठिकाणचं, एकाच वेळचं चलान दोनदा झालंय का?
- तोपर्यंत आपण गाडी विकली होती का?

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका ताईची पांढरी स्कूटर आहे. ती तालुक्याच्या पलीकडे कधी गेली नाही. तिला पुण्यातल्या नो-पार्किंगचं चलान आलं. फोटोत काळी मोटारसायकल दिसते आणि तिच्यावर नंबर मात्र ताईचा. म्हणजे एकतर नंबर चुकीचा वाचला गेला, नाहीतर कुणीतरी तिच्या गाडीचा नंबर स्वतःच्या गाडीला लावून फिरतोय. "पाचशेच तर आहेत" म्हणून तिने भरून टाकले, तर काय होईल? तो माणूस फिरतच राहील आणि चलानं ताईला येत राहतील. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी दंड 500 रुपयांपर्यंत आहे, पुन्हा तीच चूक केली तर 1500 रुपयांपर्यंत. न केलेली चूक एकदा मान्य केली, की पुढचं चलान 'दुसऱ्यांदा' म्हणून धरलं जाऊ शकतं. आणि उद्या त्याच नंबरच्या गाडीने अपघात केला, तर चौकशी ताईच्या दारात येईल.

हरकत कशी घ्यायची?

ई-चलानच्या साईटवर आणि ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथे तक्रार टाका, नंबर लिहून ठेवा. त्याचबरोबर ज्या वाहतूक शाखेने चलान केलं तिला लेखी अर्ज द्या. अर्ज हाताने दिला तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही म्हणजे पोच घ्या. पोस्टाने पाठवला तर रजिस्टर पोस्टाची पावती जपा. दुसरा कुणी आपला नंबर वापरतोय असं वाटत असेल, तर आपल्या पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या.

अर्ज साधा असू द्या. असा:

*प्रति, वाहतूक शाखा, (शहराचे नाव).*
*विषय: चलान क्रमांक ______ रद्द करणेबाबत.*
*वरील चलान माझ्या नावावरील वाहन क्रमांक ______ वर दि. ______ रोजी ______ येथील घटनेबाबत केले आहे. चलानातील फोटोत काळी मोटारसायकल दिसते. माझे वाहन पांढरी स्कूटर आहे. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि माझ्या वाहनाचे फोटो सोबत जोडले आहेत. हे चलान मला मान्य नाही. चौकशी करून ते रद्द करावे व निर्णय मला लेखी कळवावा.*
*नाव, पत्ता, मोबाईल, सही, तारीख.*

पुरावा जोडताना एक विचार करा. "त्या दिवशी मी गटाच्या बैठकीत होते, रजिस्टरवर सही आहे," असं ताई म्हणतात. त्याने ताई कुठे होती ते कळतं, गाडी कुठे होती ते कळत नाही. गाडीचा पुरावा लागतो: गॅरेजचं त्या दिवसाचं बिल, आपल्या गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, आरसी.

गाडी विकली असेल तर नुसता स्टॅम्प पेपर पुरत नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत नोंदीत मालक आपणच. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलल्याची खात्री करा.

लोकअदालत की कोर्ट?

लोकअदालत म्हणजे तडजोड. चूक आपली आहे, पण रक्कम एकदम झेपत नाही, तर तिथे जाऊन बोलणं फायद्याचं ठरू शकतं. सवलत मिळेलच असं धरून मात्र चालू नका. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून चलानच मान्य नसेल तर तडजोडीवर सही करू नका. "मला मान्य नाही, मी हरकत घेतली आहे," असं सांगा आणि अर्जाची पोच दाखवा. संमतीशिवाय तिथे निवाडा होत नाही.

प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल, तर त्याच्या साईटवर गाडीच्या नंबरने ते शोधता येतं. तिथे दोन रस्ते असतात: दंड भरणे किंवा खटला लढवणे. लढवायचं निवडलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि तिथे आपलं म्हणणं मांडता येतं. चलान बरंच जुनं असेल तर वकिलांना मुदतीबद्दल जरूर विचारा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला कोर्टाला सहसा सहा महिन्यांची मुदत असते.

वकिलाच्या फीला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 या टोल फ्री नंबरवर फोन करा.

जिथे भांडू नये

हेल्मेट नव्हतं, तिघं बसले होते, विमा संपला होता, आणि फोटोत ते स्पष्ट दिसतंय, तर वाद घालू नका. मुदतीत भरून पावती ठेवा. विमा नसेल तर पहिल्या वेळी 2000 रुपये दंड आहे, पुढच्या वेळी 4000. तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती चावी अजिबात देऊ नका. कलम 199-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही 12 महिन्यांसाठी रद्द होते. गाडी ताईच्या नावावर असेल, तर ती मालक म्हणजे ताईच.

पुढच्या बैठकीत एवढं करू या

ज्यांच्या नावावर गाडी आहे, त्या ताईंनी आरसी सोबत आणायची. सीआरपी ताईने सगळ्यांसमोर सरकारी साईटवर प्रत्येकीचं चलान तपासायचं. कुणाचं चुकीचं निघालं तर अर्ज तिथेच लिहायचा, दोन प्रती करायच्या, आणि पोच मिळाली की त्याची नोंद गटाच्या रजिस्टरमध्ये करायची. अर्ज द्यायला तालुक्याला एकटीने जायला भीती वाटत असेल, तर गटातल्या दोघी सोबत जा. बँकेत पहिल्यांदा खातं उघडायला गेलो होतो, तेव्हाही आपण अशाच मिळून गेलो होतो.

— आपली प्रभाग समन्वयक