पदवी हाती, पण घर कुठे?

बडोद्यातल्या अकोट्यापासून सयाजीबाग फार दूर नाही. या बागेला जुने लोक कमाटीबाग म्हणतात. तिथली संकल्पभूमी तरुणांनी जरूर पाहावी.

भीमराव आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. अट होती दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची. कोलंबियात शिकून ते १९१७ साली बडोद्यात रुजू झाले, तेव्हा वय होते अवघे २६. शिक्षणाची सोय झाली होती, नोकरीही होती. पण जातीमुळे भाड्याने खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी याच बागेत काढला; तीच आजची संकल्पभूमी. या अन्यायाची चीड आजही यायला हवी.

पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० साली शिक्षणासाठी लंडनला गेले. परळच्या चाळीतून दादरच्या प्रशस्त ‘राजगृहा’त ते आले, ते वयाच्या चाळिशीनंतर. तिथे पुस्तकांनाही ऐसपैस जागा होती.

आधी शिक्षण, मग घर, हा त्यांचा क्रम आजही उपयोगी आहे. आज शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून चढते. गृहकर्जातही घराची पूर्ण किंमत बँक देत नाही. मुद्रांक शुल्क वेगळेच. म्हणून कमवत्या तरुणांनी आधी शिक्षणाचे कर्ज हलके करावे, मोठे घर त्यानंतर घ्यावे.