कंपवातातील लालास्राव : स्राव अधिक की गिळणे मंद?

चरकाचार्यांनी मुखस्राव कफाच्या २० नानात्मज विकारांत, तर वेपथु वाताच्या ८० विकारांत गणला आहे. कंपवाताचा रुग्ण ओठांशी रुमाल धरून समोर बसतो, तेव्हा वैद्याचे लक्ष साहजिकच पहिल्या यादीकडे जाते आणि कफघ्न, रूक्ष औषधांची योजना होते. या निष्कर्षाचा पुनर्विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संप्राप्ती

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते व नकळत गिळली जाते. कंपवातात, म्हणजेच पार्किन्सन्सच्या आजारात, लाळेचे प्रमाण सामान्यतः वाढत नाही. पुष्कळदा ते कमीच असते. नकळत गिळण्याची क्रिया मात्र मंदावते. त्यात मान पुढे झुकते, ओठ पूर्ण मिटत नाहीत आणि लाळ साचून बाहेर ओघळते. ष्ठीवन आणि अन्नप्रवेश ही दोन्ही कर्मे प्राणवायूची आहेत. म्हणजे येथे बोधक कफाची वृद्धी नसून प्राणवायूच्या कर्महानीमुळे झालेला संचय आहे.

शोषणाचे धोके

धत्तूर किंवा खुरासानी ओवा यांनी लाळ आटते हे खरे; परंतु त्याच गुणामुळे वृद्धांमध्ये मूत्रावरोध, मलावष्टंभ व बुद्धिभ्रम उद्भवू शकतो. मलावष्टंभ तर या व्याधीत बहुधा आधीच असतो. कंपासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिल या आधुनिक औषधाचेही कार्य याच प्रकारचे असल्याने, रुग्ण ते घेत आहे का, हे अवश्य विचारावे. लाळ घट्ट झाली की ती गिळणे अधिकच कठीण होते. याउलट, जिव्हाजाड्यासाठी त्रिकटू वा अक्कलकारा यांचे प्रतिसारण केल्यास स्राव वाढतो, हेही ध्यानी ठेवावे.

गंडूष की प्रतिसारण?

काही वर्षांपूर्वी अशाच एका ६८ वर्षांच्या गृहस्थांना मुखशोष व जिभेची आग यांसाठी मी तीळतेलाचा गंडूष सांगितला. दुसऱ्याच दिवशी त्यांना जोराचा ठसका लागला आणि घरची मंडळी घाबरून गेली. सुदैवाने पुढे काही अनर्थ झाला नाही. पण चूक माझीच होती. ज्याला स्वतःची लाळ आवरत नाही, त्याच्या तोंडात हालचालीस जागा न उरेल इतके द्रव्य धरवणे अयोग्यच. अशा रुग्णाची खोकल्याची प्रतिक्रियाही क्षीण असू शकते, आणि श्वासमार्गात गेलेले तेल फुफ्फुसात शोथ उत्पन्न करते. म्हणून गंडूष व कवल दोन्ही टाळावेत. नस्याचा निर्णयही याच दृष्टीने घ्यावा. त्याऐवजी बोटाला स्वच्छ ओली पट्टी गुंडाळून हिरड्या, जीभ व गाल आतून पुसावेत, आणि दाह असल्यास अगदी थोड्या तुपाचा पातळ लेप द्यावा.

नित्योपचार

१. जेवताना रुग्णास ताठ बसवावे व हनुवटी किंचित खाली ठेवावी. औषधाचा प्रभाव चांगला असेल ती वेळ जेवणासाठी निवडावी.

२. बोलण्यापूर्वी व घास घेण्यापूर्वी ‘आधी गिळा’ अशी आठवण करावी. ही आठवण हेटाळणीच्या सुरात नसावी. लाळेच्या लाजेने कित्येक रुग्ण पंगतीत बसणेच सोडतात.

३. निजताना कुशीवर झोपवावे.

४. दिवसातून दोनदा दात घासावेत. कवळी रात्री काढून स्वच्छ करावी.

५. ओठांचे कोपरे ओले राहून फुटतात. ते टिपून कोरडे करावेत व तूप लावावे. जिभेवर पांढरा थर दिसल्यास बुरशीचा संसर्ग तपासावा.

केव्हा थांबू नये

जेवताना वारंवार ठसका, पाणी प्यायल्यावर घोगरा व ओलसर आवाज, वजनात घट किंवा पुनःपुन्हा येणारा ज्वर यांपैकी काहीही आढळल्यास गिळण्याची तपासणी वाणी व गिळणे यांच्या तज्ज्ञाकडून त्वरित करून घ्यावी. लाळग्रंथींत बोट्युलिनम विषाचे सूक्ष्म मात्रेतील इंजेक्शन देण्याचा उपायही आज उपलब्ध आहे; त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. कपिकच्छूत लेव्होडोपा असल्याने, रुग्ण त्याच्या गोळ्या घेत असेल तर मज्जातज्ज्ञास कळविल्याखेरीज कपिकच्छू देऊ नये.

रुमाल किती भिजला यावरून कफाचे अनुमान करण्यापूर्वी रुग्णास एक घोट पाणी पाजून त्याच्या कंठाकडे पाहावे. चिकित्सेची दिशा तेथे कळते.