नैऋत्य कोपऱ्यातून मोजलेली पावले

पीक किती आले हे सांगायची आपली जुनी रीत आण्यांची. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मे. पुढे आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, तरी तिचा मूळ स्वभाव नजरअंदाजाचाच. शिवारात उभे राहून जाणत्यांनी ठरवायचे. सारा माफ व्हावा असे वाटणाऱ्याला पीक विरळ दिसते, वसुलीचे दडपण असणाऱ्याला दाट. दोघांपैकी कोणी मुद्दाम खोटे बोलत असतो असे नाही.

या नजरेऐवजी विळा आणि तराजू आणायचे काम विसाव्या शतकातले. 1920 च्या दशकात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे छोटे तुकडे कापून उत्पन्न मोजले. तुकडा कुठला, हे कापणाऱ्याने ठरवायचे नाही, हा त्यातला कळीचा विचार. आजच्या पीक कापणी प्रयोगाचा सारा आराखडा त्यावरच उभा आहे.

तालुका किंवा महसूल मंडळ घ्यायचे, त्यातली काही गावे चिठ्ठीने काढायची, गावातले गट क्रमांकही तसेच. गावात शेवटचा गट 87 असेल तर यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातले दोन-दोन आकडे वाचत जायचे. 00 आणि 87 च्या पुढचे सोडून द्यायचे. शेत मिळाले की त्याच्या नैऋत्य कोपऱ्यावर जायचे. तिथून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती, हेही तक्ताच सांगतो. पावले संपतील तिथे पहिली खुंटी. समोर पीक करपलेले असो वा डोक्याएवढे, खुंटी हलवायची नाही. ‘इथलं काय घेता, तिकडचं बघा’ असे शेतकरी म्हणतो, कधी कर्मचारीही म्हणतो. आराखडा मोडतो तो इथे. आणखी एक चोरवाट आहे: निवडलेले शेत आधीच कापले गेले की रस्त्याकडेचे सोयीचे शेत घेतले जाते, आणि कागदावर काहीच चुकलेले दिसत नाही.

किती तुकडे पुरतात? मंडळ मोठे म्हणून नमुनाही त्या प्रमाणात मोठा हवा, असे वाटते. खरे तर मंडळाच्या आकारापेक्षा शेताशेतांतला फरक महत्त्वाचा. समजा, शेतांचे उत्पन्न सरासरीभोवती 40 टक्क्यांनी हलते. मग 10 तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी साधारण 13 टक्के, 100 तुकड्यांची 4 टक्के. दहापट कष्ट आणि त्रुटी फक्त तिसऱ्या हिश्श्यावर. मात्र ही त्रुटी दोन्ही बाजूंना झुकू शकते. एकाच बाजूला झुकणारी चूक तुकडे वाढवून जात नाही.

तशी चूक दोरीवर दडलेली असते. दोरीला लागून उभे असलेले ताट आतले की बाहेरचे? हात आपोआप ते आत ओढतो. सगळीकडून पाच सेंटिमीटर जास्त कापले गेले, तर 5 मीटर बाय 5 मीटरच्या चौकोनात उत्पन्न 4 टक्क्यांनी फुगते. 60 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात मात्र 17 टक्क्यांनी. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त.

यावरूनच 1940 च्या दशकात मोठा वाद पेटला. बंगालमध्ये तागाची आणि भाताची पाहणी करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. नेमलेले, तयार केलेले पाहणीदार असतील तर त्याच खर्चात जास्त ठिकाणे होतात, हा त्यांचा मुद्दा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे समोर होते. मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून, तुकडा लहान होईल तसे उत्पन्न फुगते, हे त्यांनी दाखवले आणि 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. कापणी महसूल व शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडूनच होणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून मला त्यांची बाजू अधिक व्यवहारी वाटते. आराखडा उत्तम माणसासाठी नव्हे, मिळेल त्या माणसासाठी आखायचा असतो. देशात आज सर्वसाधारणपणे 5 मीटरचा चौकोन चालतो, काही पिकांना त्याहून मोठा तुकडा लागतो. पश्चिम बंगालमध्ये मात्र 1.7145 मीटर त्रिज्येचे वर्तुळ टिकून राहिले.

हा वाद आता शेतकऱ्याच्या बँकखात्यापर्यंत आला आहे. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने पीक विम्यातले स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे निकष वगळले आणि भरपाई उत्पादनाच्या आकड्याला बांधली. काही पिकांत उपग्रहाच्या अंदाजालाही वाटा असतो, पण विळ्याचे महत्त्व वाढलेच. समजा, उंबरठा उत्पादन हेक्टरी 1000 किलो आणि खरे उत्पादन 700. विमा रक्कम 50 हजार असेल तर भरपाई 15 हजार. कड 4 टक्क्यांनी फुगली तर आकडा 728 होतो आणि भरपाई 13,600. फुगवटा 17 टक्के असता तर ती 9 हजारांवर आली असती. तीही एका शेतकऱ्याची नव्हे; मंडळात त्या पिकाचा विमा काढलेल्या प्रत्येकाची.

25 चौरस मीटरच्या तुकड्याचे हेक्टरी उत्पन्न काढताना वजनाला 400 ने गुणतात. म्हणजे वरच्या हिशेबातले 28 किलो हे तुकड्यात 70 ग्रॅम, जेमतेम मूठ-दोन मुठी दाणे. प्रयोगाच्या दिवशी बांधावर जमलेली माणसे तराजूच्या काट्याकडे पाहत असतात. कापणी सुरू होण्याआधी दोरी ताणलेली आहे का आणि कडेच्या ताटांचे बुंधे कुठल्या बाजूला आहेत, हे पाहायला मात्र खाली बसावे लागते.