संगणकाची दप्तरव्यवस्था

महाबळेश्वरचा पाऊस दप्तराचे काय हाल करतो, हें येथें चार पावसाळे काढलेल्यासच कळेल. मी एका शाळेंत असतांना ऐन श्रावणांत कौलें गळलीं आणि जनरल रजिस्टराचीं कांहीं पानें एकमेकांस कायमचीं चिकटलीं. त्यांत मुलांच्या जन्मतारखा होत्या. पुढें दाखले देतांना झालेला मनस्ताप मी विसरलों नाहीं. म्हणून दप्तरें आतां सर्व्हरवर गेलीं असें ऐकलें, तेव्हां माझा पहिला प्रश्न हाच होता, कीं तेथें कौल गळलें तर?

सर्व्हर म्हणजे एकाच वेळीं अनेकांस माहिती पुरविणारा संगणक. त्यांतील पुष्कळांवर युनिक्सच्या घराण्यांतील प्रणाली चालते. युनिक्सचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं केला. माहिती सांठते ती डिस्कवर. डिस्क ही मूळची कोऱ्या, क्रमांक घातलेल्या पानांची वही. कोणत्या फाइलीचीं पानें कोठें आहेत, ह्याची नोंद ठेवणारी व्यवस्था ती फाइल सिस्टिम. ही अनुक्रमणिका गेली कीं पानें जागेवर असून नसल्यासारखींच.

पूर्वीं प्रत्येक डिस्कचे, किंवा तिच्या एकेका भागाचे, संसार वेगळे असत. एक भरून वाहूं लागली तरी शेजारची रिकामीच. ह्यावर तोड निघाली ती व्हॉल्यूम मॅनेजरची. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री ह्यांचे ओघ एकत्र होऊन एका गोमुखांतून पडतात. तांब्या भरणारा भाविक हें पाणी कोणत्या नदीचें, असें विचारीत नाहीं. तसेंच येथें अनेक डिस्का मिळून एक सांठा होतो. त्यांतून हवे तेवढे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, काढावे आणि गरज पडल्यास मागाहून वाढवावे. ह्या क्षेत्रांत नांवाजलेल्या व्हेरिटास कंपनीचें मोठें केंद्र आपल्या पुण्यांत होतें, हें पुष्कळ पुणेकरांसही ठाऊक नसतें!

आतां वीज मध्येंच गेली तर? आमच्याकडे हा प्रश्न काल्पनिक नव्हे. अर्धवट लिहिलेली नोंद ही न लिहिलेल्या नोंदीपेक्षां वाईट. कांहीं फाइल सिस्टिमा काय करावयाचें तें आधीं एका रोजनाम्यांत लिहितात आणि मग करतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स ह्यांनीं २००१ सालीं ‘झेडएफएस’ नांवाची फाइल सिस्टिम रचावयास घेतली. २००५ मध्यें ती सर्वांस खुली झाली. तिचा शिरस्ता आमच्या रजिस्टराचाच आहे. खाडाखोड करावयाची नाहीं. बदललेला मजकूर कोऱ्या पानावर लिहावयाचा आणि तो पुरा झाल्यावरच अनुक्रमणिकेंतील आंकडा फिरवावयाचा. जुनें पान टाकून न देतां राखून ठेविलें कीं कालची स्थिति आज पाहतां येते. तिला स्नॅपशॉट म्हणतात. तो क्षणांत निघतो आणि आरंभीं जवळजवळ जागाही घेत नाहीं. नव्या नोंदी वाढतात तशी जुन्या पानांनीं अडविलेली जागा मात्र वाढत जाते.

मला सर्वांत चकित केलें तें निराळ्याच गोष्टीनें. डिस्क मोडली तर निदान कळतें. परंतु कधीं कधीं ती तक्रार न करतां चुकीचेंच पान हातीं देते. झेडएफएस प्रत्येक पानाची ताळ्याची बेरीज, चेकसम, त्या पानावर न ठेवतां त्याकडे बोट दाखविणाऱ्या नोंदींत ठेविते. वाचतांना ताळा जुळला नाहीं तर दुसऱ्या डिस्कवरील प्रत घेते आणि बिघडलेलें पान दुरुस्त करिते. दुसरी प्रतच नसेल तर चूक सांगते, सुधारूं शकत नाहीं. सारा सांठा अधूनमधून असा तपासून घेतां येतो. शाळा तपासणीसाची वार्षिक फेरीच म्हणा ना!

एवढ्यावर कित्येक कचेऱ्या निश्चिंत होतात, हें मला पटत नाहीं. दोन डिस्कांवर एकच मजकूर असला, तरी चुकीच्या आज्ञेनें तो दोन्हींवरून एकदमच पुसला जातो. स्नॅपशॉट अशा वेळीं उपयोगीं पडतो खरा. पण तोही त्याच डिस्कांवर, त्याच खोलींत. खोलीला आग लागली तर? एक प्रत दुसऱ्या गांवीं हवीच.

माझ्या त्या चिकटलेल्या पानांवरच्या तारखा शेवटीं मिळाल्या त्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींत. तें दप्तर दुसऱ्या इमारतींत, कोरडें होतें. दोघा मुलांच्या तारखा मात्र तेथेंही सांपडल्या नाहींत.